नऊ उरले, गाळे पाच

नामुकोला गावच्या बाजारातल्या गाळ्यांची सोडत सकाळी नऊला ठेवली होती. ती दुपारी पावणेदोनला सुरू झाली, तेव्हा लोकांनी ती त्याच दिवशी सुरू झाल्याबद्दल टाळ्या वाजवल्या. आता साडेचार होऊन गेले होते आणि टाळीसाठी हात उचलायचं त्राण कोणात उरलं नव्हतं.

कावेसा मास्तर उलट्या ठेवलेल्या सोड्याच्या क्रेटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. क्रेटची नक्षी त्यांच्या बुडाला पाठ झाली होती. मास्तर माध्यमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवत. शाळेत कॉम्प्युटर सहा, त्यांतले चालू दोन आणि मुलं सत्तर. थोड्या वस्तू पुष्कळांत कशा वाटायच्या, याचा एवढा सराव गावात दुसऱ्या कोणाला नव्हता, म्हणून बाजार समितीने त्यांनाच धरलं. मोबदला हिरव्या केळ्यांचे दोन घड. ते अजून झाडावर होते.

भानगड साधी होती. नव्या इमारतीत गाळे दोनशे शहाण्णव आणि बाजारात बसणारे तीनशे. चार गाळे कुठे गेले ते नकाशा काढणाऱ्याला ठाऊक. त्या नकाशात चेअरमनचं ऑफिस मात्र ऐसपैस बसलं होतं.

भिंतीवर चादर ताणलेली. चादरीवर प्रोजेक्टरचं चित्र, चित्रात चिठ्ठ्यांचा एक ढोल. ढोल दहा सेकंद फिरे, मग एक नंबर आणि नाव येई. नाव नवीन असलं तर हिरवी अक्षरं आणि गाळा. आधी येऊन गेलेलं असलं तर लाल अक्षरं, "हे नाव निघालेलं आहे," आणि ढोल पुन्हा फिरायला मोकळा.

ढोल ही चेअरमन बोसांची कल्पना. "मास्तर, लोकांना काहीतरी फिरताना दिसलं पाहिजे," ते म्हणाले होते. "न फिरता आलेलं नाव लबाडीचं वाटतं."

निघालेलं नाव पुन्हा डब्यात ठेवायचं, ही मात्र बाजाराची अट. त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून सोडत झाली आणि आधीच्या चेअरमनच्या कोटाच्या खिशात एकोणीस चिठ्ठ्या सापडल्या. धोब्याला सापडल्या, म्हणून सापडल्या. तेव्हापासून बाजाराने गाठ बांधली: शेवटचा गाळा निघेपर्यंत कोणाचंही नाव डब्यातून बाहेर जाणार नाही. मग तो डबा पत्र्याचा असो की कॉम्प्युटरचा.

मास्तरांनी अट ऐकली आणि पेन्सिलीने हिशेब करून समितीला सांगितलं होतं, "साडेतीन तास लागतील. सुरुवातीला भराभर होईल. शेवटी जीव जाईल."

कोणी मनावर घेतलं नाही, कारण आदल्या दिवशी चाचणीत त्यांनी दहा गाळे काढून दाखवले होते. दोन मिनिटं लागली नव्हती आणि एकही नाव दोनदा आलं नव्हतं. नव्या गावात गेलं की पहिल्या दिवशी भेटेल तो माणूस नवाच असतो. दहा वर्षं राहिल्यावर मात्र नवा माणूस दिसायला दिवाळीच उजाडावी लागते. ढोलाचं तसंच झालं होतं. पहिले दीडशे अर्ध्या तासात निघाले. आता दोनशे एक्क्याण्णव निघाले होते, आणि ढोल जुन्याच ओळखीच्यांना पुन:पुन्हा भेटत होता.

"एकशे सदतीस! मुटेबी!"

लाल अक्षरं.

"अरे, पुन्हा मुटेबी?" गर्दीतून कोणीतरी कण्हलं. "अकरावी वेळ!"

मुटेबी खाटीक गाळा मिळूनही घरी गेला नव्हता. तो लाकडी बाकावर आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "माझ्या सासऱ्याने एवढ्या वेळा माझं नाव घेतलं असतं, तर बायकोसाठी त्याला दिलेल्या दोन गाई वाचल्या असत्या."

कोणी हसलं नाही. हसायचं ते तीनच्या सुमाराला हसून झालं होतं.

उरले होते नऊ जण आणि गाळे पाच. नवांना पुढच्या बाकावर बसवलं होतं, कोर्टात बसवतात तसं. त्यांच्यात टोकाला नालोंगो बसली होती. जुळ्यांची आई, म्हणून सगळा बाजार तिला नालोंगो म्हणे; खरं नाव फक्त यादीत होतं. एकोणीस वर्षं ती फाटकाबाहेर गोणपाटावर टोमॅटो विकत होती. ऊन आलं की डावीकडे सरकायचं, चिखल झाला की उजवीकडे. आता डोक्यावर छप्पर येईल, या आशेने ती सकाळी आठपासून स्वच्छ गोमेसी नेसून बसली होती. त्या झग्याच्या खांद्यांची टोकंसुद्धा एव्हाना खाली वाकली होती.

मास्तरांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. चार अडतीस. त्यांनी मनात भागाकार केला. एक नवं नाव यायला आता सरासरी तेहतीस फेऱ्या, म्हणजे साडेपाच मिनिटं. पुढचं त्याहून उशिरा, त्यापुढचं आणखी उशिरा. पाच गाळ्यांना सदतीस मिनिटं. आणि नगरपालिकेच्या अतुहैरे बाई पाचला निघणार होत्या.

पाचला निघणार म्हणजे सगळंच हातून निघणार. नियम अकरा: सोडतीवर अधिकाऱ्याची सही त्याच दिवशी झाली पाहिजे, आणि सहीपर्यंत न निघालेले गाळे समिती "योग्य व्यक्तींना" देईल. योग्य व्यक्ती या नवांपैकीच असावी, असं नियमात कुठेही म्हटलं नव्हतं. चेअरमनना पुतणे पुष्कळ होते.

बोसा चेअरमन खुर्चीत बसून भाजलेले शेंगदाणे एकेक करून खात होते. सकाळी त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं, म्हणून ते दीडला आले. त्या चाकाने पुतण्यांवर केवढे उपकार केले होते, ते मास्तरांना आता कळत होतं.

"घाई नको, मास्तर," बोसा मायेने म्हणाले. "यंत्र आहे. दमलं असेल."

"यंत्र दमत नाही, साहेब. मी दमलोय."

"मग चहा घ्या. आपण काही कुठे पळून जात नाही."

"बाई जातायत ना पळून, पाचला."

"तो सरकारी नियम आहे," बोसा म्हणाले आणि आणखी एक शेंगदाणा सोलला.

ढोल फिरला. लाल. फिरला. लाल. नालोंगो उठली, गुडघ्यांचा आवाज करत मास्तरांजवळ आली आणि पडद्याकडे न बघता म्हणाली, "मास्तर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा, नालोंगो. रागवायलाही जोर लागतो."

"तुमचं यंत्र टोमॅटो कसे निवडतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याकडे तीनशे टोमॅटोंची पेटी आली आणि त्यातले चार नासके आहेत. तर मी काय दोनशे शहाण्णव चांगले एकेक करून वर काढते? आणि काढलेला पुन्हा पेटीत टाकून ढवळते? मी चार नासके काढते. उरतील ते चांगले. माझी धाकटी सातव्या वर्षी हे शिकली."

ही गोष्ट मास्तरांना माहीत नव्हती असं नाही. महिन्यापूर्वी सोडतीचा प्रोग्राम पहिल्यांदा लिहिताना त्यांनी ते लिहिलंही होतं: निघालेलं नाव रांगेच्या शेवटी नेऊन ठेवायचं आणि रांग एकाने आखूड झाली असं धरायचं. एकही फेरी फुकट नाही, एकही नाव दोनदा नाही. बाजाराची अट आली तेव्हा त्या चार ओळी त्यांनी खोडल्या नव्हत्या, नुसत्या झाकून ठेवल्या होत्या. मास्तर लोकांच्या हातून काही खोडवत नाही.

"यात माझी संधी कमी होते का?" नालोंगोने विचारलं.

"नाही. नवांतून पाच गाळेवाले काढले काय, नि नवांतून चार बिनगाळ्याचे काढले काय, हिशेब तोच. पण डब्यातून दोनशे एक्क्याण्णव नावं बाहेर काढावी लागतील. बाजाराची अट मोडते."

"अट कुणासाठी होती? ज्यांना गाळा मिळाला नाही त्यांच्यासाठी. ते आम्ही नऊ." ती मागे वळली आणि टोमॅटोचा भाव सांगायच्या आवाजात ओरडली, "अहो गाळेवाले! तुमची नावं अजून डब्यात ठेवून काय लोणचं घालायचंय?"

मुटेबी बाकावर उठून बसला. "माझं आधी काढा. माझं काढा, हात जोडतो."

हात वर झाले. काही जण झोपेतच होते. शेजाऱ्यांनी त्यांचेही हात वर केले. मग नालोंगो बाकावरच्या आठ जणांकडे वळली. तिथे काम अवघड होतं. सुक्या माशांची म्हातारी नाकवुका म्हणाली, "नालोंगो, अगं मिळालं नाही तर गपचूप घरी जाता येतं. हे तर नाव घेऊन बाहेर काढणं. चार गावांत होईल, की हिला यंत्राने नासकी म्हटलं."

"आत्या, चौघं राहणारच आहेत. पाच वाजले की नऊच्या नऊ राहतील, आणि नाव कोणाचं घेतील ते चेअरमनना विचार."

नाकवुका चेअरमनकडे बघून जरा वेळ दात कोरत राहिली. "काढा," ती म्हणाली.

"हे नियमात नाही!" बोसा उठले. शेंगदाण्याची सालं मांडीवरून खाली पडली.

अतुहैरे बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांनी दिवसभरात तिसऱ्यांदा तोंड उघडलं. "ढोल फिरणार आहे का?"

"फिरेल, बाई," मास्तर म्हणाले.

"मग नियमात ढोलाबद्दल जे आहे ते पाळलं जातंय. चालू करा. चार शेहेचाळीस झालेत."

मास्तरांनी त्या चार ओळी उघड्या केल्या, नऊ नावं चादरीवर मोठ्याने वाचून दाखवली आणि बटण दाबलं. ढोल दहा सेकंद फिरला. चपात्या विकणारा सेम्पाला बाहेर. फिरला. चटया विणणारी एक बाई. तिने तोंडाला पदर लावावा तसा हात लावला. फिरला. कोळशाचा म्हातारा; त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो शेजाऱ्याकडे बघून हसला. चौथ्यांदा फिरला.

टोमॅटोची नालोंगो.

झालं. चाळीस सेकंद.

आणि मग सबंध बाजार जागा झाला.

"असं कसं?" मागून कोणीतरी ओरडलं. "तीन तास रडत होतं, आणि आता चाळीस सेकंदांत चार?"

"एकदाही लाल नाही आलं!"

"लाल आल्याशिवाय खरं कसं म्हणायचं?"

तीन तास ज्या लाल अक्षरांना लोकांनी शिव्या घातल्या, तीच आता त्यांना सचोटीची खूण वाटत होती. गावात कष्टाला मान आहे. जो घाम गाळून चुकतो त्याला माफ करतात. जो घाम न गाळता बरोबर येतो त्याची चौकशी होते.

बोसांनी खिशातून पेन काढलं, आणि आवाज दु:खी केला. "लोकांचा विश्वास उरला नाही, बाई. अशा वेळी समितीनेच पुढे होऊन..."

"पुन्हा काढा!" गाळे मिळालेलेच जास्त ओरडत होते. "जुन्या रीतीने काढा!"

घड्याळात चार त्रेपन्न.

अतुहैरे बाईंनी टेबलावर हात आपटला. "ज्यांना गाळा मिळाला त्यांचं मला ऐकायचं नाही. मिळाला त्याला यंत्र खोटं असलं तरी चालतं. ते चार पुढे या. तुमची तक्रार आहे?"

चार पुढे आले. सेम्पाला खांदे उडवून म्हणाला, माझं नशीबच करपलेलं आहे. चटयांच्या बाईने तक्रार नसल्याची मान हलवली. कोळशाच्या म्हाताऱ्याला कानात ओरडून सांगावं लागलं, आणि समजल्यावर तो पुन्हा हसला, या वेळी कमी.

मग नालोंगो बाईंसमोर रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसली. मास्तरांना वाटलं, आता ही म्हणेल, फसवलं. एक शब्द बोलली असती तर तिला पुन्हा नऊ जणांत बसायला मिळालं असतं, निदान पाच वाजेपर्यंत. मास्तरांनी मान खाली घातली. ती बोललीच, तर तिला दोष द्यायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

"पेटी मीच पुढे केली," नालोंगो म्हणाली. "निवडायची रीत माझी. त्यात मी निघाले. आता रीत वाईट कशी म्हणू, बाई? मला नाव वाचता येतं, ते माझंच होतं. तक्रार नाही."

बोसांनी पेनाला टोपण लावलं. अतुहैरे बाईंनी चार छप्पन्नला सही केली, चार सत्तावन्नला शिक्का मारला, आणि पाचच्या ठोक्याला त्यांची गाडी धूळ उडवत गेली.

मास्तरांनी चादर उतरवली, तारा गुंडाळल्या. मुटेबीने चादरीचं एक टोक धरलं आणि म्हणाला, "घडी दोनदाच घाला, मास्तर, अकरा वेळा नको." मास्तरांना हसावंसं वाटलं, पण ते आता उद्यावर ढकललं.

फाटकाबाहेर नालोंगो गोमेसीची टोकं सारखी करून गोणपाटावर बसली होती. टोमॅटो मांडून झाले होते. मास्तर तिच्यापुढे उभे राहिले. काहीतरी म्हणायला हवं होतं. त्या नऊ जणांतल्या पाचांना आज तिच्यामुळे छप्पर मिळालं, असं म्हणावं, तर तिला ते माहीतच होतं. हिशेब बरोबर होता, असं म्हणावं, तर तिनेच तो सांगितला होता.

"अर्धा किलो द्या," ते म्हणाले, आणि थकून, न बघताच ढिगात हात घातला.

नालोंगोने त्यांच्या मनगटावर फटका मारला.

"बघून घ्या, मास्तर. आजच्या दिवसाला एक सोडत पुरे."