बाळंतिणीचं न्हाण

विहीणबाईंनी माझ्याच घरात, माझ्याच सुनेच्या खोलीला आतून कडी घातली. अख्ख्या पेडण्यात असला आगाऊपणा कोणी ऐकलाय?

सून मेलिन कोलकात्याच्या चिनी घरातली. माझा सर्वेश मोपाच्या विमानतळावर कामाला, तिथंच दोघांचं जुळलं. तिच्या आजोबांनी चीन सोडला, पण विहीणबाईंनी काही म्हणजे काही सोडलेलं नाही. नातू झाला तशा आल्या, आणि पहिल्याच दिवशी खिडक्या बंद, पंखा बंद. आलं घालून कसलंसं काळं पाणी उकळायचं आणि लेकीला पाजायचं. वास असा, की मांजरसुद्धा परसात पळालं. वर मला सांगतात, "समधनजी, सिर पे पानी नहीं. एक महीना नहीं."

बाळंतीण आणि महिनाभर न्हाणार नाही? मी तीन बाळंतपणं काढली, रोज भाणभर कढत पाण्यानं.

शेजारची शेवंती म्हणाली, "गंगाबाय, लक्ष ठेव गो. लेकीला मुठीत ठेवतेय ती. महिना सरला की बाळासकट घेऊन जाईल बघ."

मला तेच वाटत होतं. आठव्या दिवशी विहीणबाई बाजारात गेल्या, तशी मी न्हाणीतल्या पाण्याच्या भाणाखाली जाळ केला आणि सुनेला न्हाणीत बसवलं. तांब्या उचलला, एवढ्यात बाई दारात! धावत येऊन त्यांनी तांब्या हिसकावला. पण बोटं मिटेनात. तांब्या खाली, पाणी चौफेर. दोन्ही मनगटांना पट्ट्या, बोटं आखडलेली. आठ दिवस माझ्या घरात वावरत होत्या, मी त्यांचे हात पाहिलेच नव्हते.

मेलिन रडत म्हणाली, "आई, मी झाले तेव्हा दहाव्या दिवशी हिला कातड्याच्या कारखान्यात गार पाण्यात उभं केलं होतं. थांबवणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून हात असे आहेत. म्हणून मला जपते."

सर्वेश झाला तेव्हा बाराव्या दिवशी मीही वायंगणाच्या भातशेतात, गुडघाभर चिखलात होते. माझे गुडघे का दुखतात, हे कोणी विचारलं नव्हतं.

विहीणबाई खाली बसून ओली जमीन पुसायला लागल्या. मला हिंदी येत नाही, मराठीतच बोलले.

"ठेवा ते फडकं. तुमचं काळं पाणी मला अजून पटलेलं नाही, आणि कोलकात्याची तिकिटं कोणी काढायची नाहीत. सुनेचं डोकं राहू दे कोरडं. पण नातवाला मीच न्हाऊ घालणार, आणि तुम्ही महिनाभर पाण्यात हात घालायचा नाही. तुमचं बाळंतपण राहूनच गेलंय, ते आधी करून घ्या."