सोळा तांबड्या गाई

वासरू जन्मलं तेच खुजं. कपाळ फुगलेलं, नाक बसकं, श्वास घेताना नुसती घुरघुर. बोहुमिलनं त्याला गोठ्यामागच्या चिखलात ओढत नेलं आणि हातोड्याचा एकच घाव घातला. नेब्रास्काच्या टेकड्यांवरून मार्चचा वारा हाडं फोडत येत होता. दारात त्याची मुलगी आनेश्का उभी राहून बघत होती. तेरा वर्षांची पोर, बुटकी, तिरप्या डोळ्यांची. तिचाही श्वास उघड्या तोंडानं घुरघुरायचा.

"कान दे जरा," बोहुमिल बायकोला म्हणाला. "दोघांचा आवाज येकच हाय."

व्लास्ताच्या काळजात सुरी फिरली. "पोरीम्होरं तरी असं बोलू नगंस! अन् ही गाय तर तुझ्या बापाच्या कळपातली. आता कुणाच्या रगताला दोष देशील?"

"तुझ्याच माहेरच्या गाईंनी कळप नासवला. खाण तशी माती!"

हे बारा वर्षं चाललं होतं. आनेश्का झाली आणि वर्षभरात व्लास्तानं माहेराहून आणलेल्या तांबड्या गाईंपैकी एकीला असंच खुजं वासरू झालं. बोहुमिलला वाटलं, उलगडा झाला: खोट बायकोच्या माहेरच्या रक्तातच. त्यानं सोळाच्या सोळा गाई ट्रकात घालून कत्तलखान्यात धाडल्या. बायकोला धाडता येत नव्हतं, म्हणून आपला पलंग मागच्या खोलीत नेला. आणखी एक मूल व्हावं म्हणून व्लास्तानं त्या दारावर किती थापा मारल्या, ते तिचं तिलाच ठाऊक. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

त्याच आठवड्यात डॉक्टरनं तिघांना बोलावलं. तिघांचंही रक्त त्यानं शहरात तपासायला पाठवलं होतं.

"माणसाच्या पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात," तो म्हणाला. "हिच्यात एक जास्त आलंय. गर्भ धरतानाच झालेली चूक. ना तुमच्या घराण्याचा दोष, ना यांच्या. वासरांचं दुखणं निराळं, ते गाय आणि वळू दोघांकडून येतं; हे निराळं."

"म्हंजे दुसरं पोर झालं असतं तर..." व्लास्ताला पुढं बोलवेना.

"बहुतेक धडधाकट झालं असतं."

परतताना बोहुमिलनं खालच्या कुरणापाशी ट्रक थांबवला. मग त्यानं टोपी काढली. बारा वर्षांत बायकोपुढं ती कधी उतरली नव्हती. व्लास्ताचा जीव कानात गोळा झाला. माफी नको, नुसती नावानं हाक मारली असती तरी तिनं सगळं गिळलं असतं.

"सोळा गाई," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "सोन्यावाणी गाई गं! उगाच कापाय धाडल्या."

मधे बसलेल्या आनेश्कानं आपल्या आखूड बोटांनी त्याचे डोळे पुसले. "रडू नगं, बाबा."

व्लास्ता दार उघडून खाली उतरली आणि चिखलातून गोठ्याकडं चालू लागली. गाईंना चारा घालायची वेळ झाली होती.