हापशाखालचा डबा

अर्लीथाच्या अंगणातल्या वाटेवर साखळी शुक्रवारी संध्याकाळी लागली. तिच्या भाच्यानं, सीफसनं, एका बाजूला कुंपणाच्या खांबात आकडा ठोकला, दुसऱ्या बाजूला ओकच्या बुंध्यात, मधे साखळी ओढली आणि कुलूप घातलं. किल्ली त्यानं आत्याच्या हातावर ठेवली. अर्लीथानं ती एप्रनच्या खिशात टाकली आणि "बरं झालं" म्हणाली. म्हणताना तिला खरंच बरं वाटत होतं. पंच्याहत्तरी उलटलेल्या बाईनं दुसऱ्यांच्या जत्रेमागून किती वर्षं झाडू मारायचा, यालाही काही सीमा असते.

वाट तशी फार मोठी नाही. रस्त्यावरून तिच्या अंगणात शिरायचं, हापशाला वळसा घालायचा, वाळूच्या टेकड्यांमधून खाली उतरलं की समुद्र. हेरन बेटाच्या या टोकाला एके काळी सगळी काळ्या लोकांची घरं होती. कुणी विकली, कुणाची भावाभावांच्या भांडणात लिलावात गेली, आणि आता तोंडात एकच दाढ उरावी तसं अर्लीथाचं घर उरलं होतं. डावीकडं हॉटेल, त्याला उंच कुंपण. उजवीकडं सुट्टीतल्या लोकांच्या सदनिका आणि 'फक्त रहिवाशांसाठी' अशी पाटी. समुद्र सगळ्यांचाच, असं कायदा म्हणतो. पण समुद्रापर्यंत जायचं कसं, ते कायदा सांगत नाही.

दर एप्रिलमध्ये एका शनिवार-रविवारी कॉलेजची काळी पोरंपोरी राज्यभरातून इथं लोटतात. गाणी, नाच, तळलेले मासे, समुद्रात डुंबणं. पंचवीस-तीस वर्षं चाललंय. आणि दर एप्रिलमध्ये त्याच दोन दिवशी गावाला नेमकी आठवण होते की गाड्या लावायच्या जागा दुरुस्त करायच्या आहेत, रस्ता एकेरी करायचा आहे, पुलावर अडथळे ठेवायचे आहेत. मार्चमध्ये गोरी पोरं येऊन बियरच्या बाटल्यांचा खच पाडून जातात, तेव्हा रस्ते ठणठणीत असतात. अर्लीथाला हे सगळं पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीचा राग येत नाही, फक्त शीण येतो.

तिचे वडील जोसाया खेकडे धरायचे. त्यांच्या काळात एकेरी रस्ता वगैरे सोंग करायची गरज नव्हती. अख्खा किनारा गोऱ्यांचा होता आणि आतल्या गावाहून आलेल्या एका काळ्या माणसानं समुद्रात नुसते पाय धुतले म्हणून रात्र कोठडीत काढली होती. जोसायाच्या घरामागचा तुकडा तेवढा मोकळा, कारण जमीन त्यांच्या आजानं गुलामी संपल्यावर घाम गाळून घेतलेली. ईस्टरनंतरच्या सोमवारी मेकन शहराकडच्या काळ्या लोकांच्या चर्चच्या बसगाड्या अंगणाबाहेर उभ्या राहायच्या. हॅट घातलेल्या बायका, मांडीवर लाल भाताची पातेली, इस्त्रीच्या कपड्यातली मुलं. जोसाया कुणाकडून कधी काही घेत नसत. त्यांचं म्हणणं एकच: हापसा वापरा, पण डबा भरून ठेवा.

हापसा जुना होता. आतला चामड्याचा वायसर सुकला की नुसती हवा ओढायचा. वरून डबाभर पाणी ओतलं आणि दांडा भरभर मारला तरच तो पाणी द्यायचा. म्हणून हापशाखाली एक पत्र्याचा डबा कायम भरलेला. समुद्रावरून आलेल्या माणसानं तो ओतायचा, पाय धुवायचे, आणि जाताना पुढच्यासाठी परत भरून ठेवायचा. लहानपणी डब्यावर लक्ष ठेवायचं काम अर्लीथाकडं होतं. पण बसून बसून ती कंटाळायची, कारण कुणाला रागवायची वेळच यायची नाही. ज्यांच्या घरीदारी हापसेच होते, त्यांना हे सांगावं लागत नव्हतं.

तिनं वाट कधी बंद केली नाही. वडील गेले, नवरा गेला, भाऊ गेला, तरी नाही. पण गेल्या वर्षी मात्र हद्द झाली. कोंबडीची हाडं, फुटके कप, कांद्याचा वाफा तुडवलेला. एवढं सगळं तिनं मुकाट्यानं उचललं. मग हापशाशी गेली तर डबा नव्हता. तो कुंपणाच्या झुडपात आडवा पडला होता आणि आत सिगारेटची थोटकं होती. घरात नळ होता, पाण्यावाचून काही अडलं नव्हतं. तरी ती पायरीवर बसली आणि रडली. कचरा काय, कचरा कुणीही करतं. डबा म्हणजे तिचे वडील होते.

यंदा गावच्या कचेरीतून मिसेस हॉलब्रुक आली, पिकनच्या दाण्यांचा केक घेऊन. जिभेवर साखर घोळवत बोलणारी बाई. तुमच्या पिढीबद्दल आम्हाला किती आदर आहे, तुम्ही काय शिस्तीनं राहायचात, आणि ही आताची मुलं. एवढे दोन दिवस वाट बंद ठेवाल का, आणि तुम्हालाच आराम वाटला तर कायमची का नाही? एरवी अर्लीथानं तो केक तिच्याच गाडीत परत ठेवला असता. पण सीफसही तेच म्हणत होता. तो गावाच्या कचरागाडीवर होता, पन्नाशी पार केलेला, कंबरेत पट्टा बांधून काम करणारा. "आत्या, सोमवारी ते सगळं मलाच उपसावं लागतं," तो म्हणाला होता. "आजोबांचं पुण्य मोठं आहे, पण ते काही माझ्याबरोबर गाडीवर येत नाही." त्यात खोटं काही नव्हतं. तिनं होकार दिला.

शनिवारी ती सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसली. ऊन चढलं तशी पोरं दिसायला लागली. गाड्या पुलाच्या पलीकडं ठेवून चालत आलेली, खांद्यावर टॉवेल, दोघादोघांत धरलेल्या बर्फाच्या पेट्या. हॉटेलच्या कुंपणाशी थांबायची, पाटी वाचायची, पुढं यायची. साखळीपाशी आली की पुन्हा थांबायची. कुणी ओलांडली नाही. ओलांडली असती तर अर्लीथाला सोपं गेलं असतं, चार शब्द सुनावता आले असते.

एक मुलगी साखळीच्या बाहेरूनच बोलली. केसांच्या बारीक वेण्या, चप्पल तुटलेली म्हणून हातात घेतलेली. "मॅडम, समुद्रावर जायला इथून वाट आहे का?"

"इथून नाही."

"मग कुठून, मॅडम?"

अर्लीथानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर नाही. वडिलांना हा प्रश्न कितीदा तरी विचारला गेला होता, सगळीकडून हाकलून दिलेल्या लोकांकडून, आणि त्यावर उत्तर एकच असायचं: या, असे इकडून या. तिनं खिशातली किल्ली चाचपली. मुलगी "बरं, मॅडम, थँक यू" म्हणाली, आणि जाऊन आपल्या मैत्रिणींशेजारी रस्त्याच्या कडेला ओकच्या सावलीत बसली. उर्मटपणा चालला असता. हे थँक यू अर्लीथाला नको होतं.

सावलीतली गर्दी वाढली तसा पोलीस आला. तरुण, गोरा, वागायला सभ्य. इथं बसता येणार नाही, चालत राहा, असं त्यानं पोरांना सांगितलं. कुठं चालत राहायचं ते त्यानंही सांगितलं नाही. पोरं उठली, पेट्या उचलल्या. मग तो ओट्याकडं वळला आणि त्यानं टोपीला हात लावला.

"मिस अर्लीथा, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. सगळ्यांनी तुमच्यासारखं सहकार्य केलं तर आमचं काम किती हलकं होईल."

वडिलांच्या काळात त्याच जागी, त्याच ओकखाली, पोलिसांचा प्रमुख, शेरीफ, उभा राहायचा. तिच्या बापाला लहान पोराला हाक मारावी तशी "ए जोसाया" म्हणून हाक मारायचा, आणि म्हणायचा की चर्चची बस परत आली तर होडी एखाद्या सकाळी पाण्याखाली सापडेल. बस परत आली, आणि होडी पाण्याखाली सापडली. जोसायानं दुसरी बांधली. या ओट्यावरच्या माणसाचे पोलिसांनी आभार मानलेत, असं या घरात कधी घडलं नव्हतं. अर्लीथाला स्वतःची लाज वाटली. अंगावरचे कपडे कुणी दुसऱ्याचे निघावेत तशी.

ती उठली. गुडघे एकेकदा कुरकुरले. कठड्याला धरून तीन पायऱ्या उतरायला तिला इतका वेळ लागला की पोलीस तिला हात द्यायला पुढं आला. तिनं तो घेतला नाही. खिशातली किल्ली काढून कुलूप उघडलं. साखळी वाळूत पडली.

"मॅडम, खात्री आहे ना तुमची?" पोलिसानं विचारलं.

"अंगण माझं आहे, बाळा. खात्री मला नसेल तर कुणाला असणार?" मग तिनं सावलीकडं पाहून हाक मारली. "ए वेणीवाले, चप्पलवाले, इकडं ये."

मुलीचं नाव झकिया. अर्लीथानं तिला हापशाशी नेलं आणि डबा दाखवला. झकियानं हापशाच्या दांड्याला हात लावून पाहिला आणि विचारलं, हे काय असतं.

"हापसा बघितला नाहीस कधी?"

"चित्रात, मॅडम."

अर्लीथा तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. वर्षभर ती ज्यांच्या नावानं खडे फोडत होती, त्यांच्या लेखी तो नुसता एक गंजका डबा होता. कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम तिचं होतं आणि तिला वाटत होतं की रक्तातून आपोआप जातं. तिनं पाणी ओतून दाखवलं, दांडा कसा न थांबता मारायचा ते दाखवलं, डबा परत भरून ठेवला. "पाय धुवा, काही करा," ती म्हणाली. "पण शेवटी जो जाईल त्यानं हा भरून ठेवायचा. बाकी मी काही मागत नाही."

"मी बघते, मॅडम," झकिया म्हणाली.

मग रांग लागली. अर्लीथा खुर्चीत जाऊन बसली. जाणारा प्रत्येक जण मान लववत होता, आणि मान हलवून हलवून तिचीच मान दुखायला लागली. खालून गाण्याचा धबधबा सुरू झाला, शब्द एक कळेना, ढोल तेवढा छातीत बसत होता. दुपारी सीफस आला, साखळी वाळूत पाहिली आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. उद्या हे कोण उचलणार, असं त्यानं विचारलं. "तू," ती म्हणाली, "आणि मी." तो आत जाऊन तिच्यासाठी मासा आणि भात घेऊन आला. खाता खाता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि अंगण रिकामं होतं. आभाळातून काही चमत्कार झाला नव्हता. कप होतेच, टॉवेल एक होता, कांद्याचा वाफा यंदाही एका कोपऱ्यात चिरडला होता. कुणीतरी बराचसा कचरा पिशव्यांत भरून कुंपणाशी ठेवला होता. पिशव्या मात्र फाटल्या होत्या. सीफस त्याच उचलत होता.

अर्लीथा हापशाकडं गेली. मनात तिनं आधीच डबा रिकामा धरला होता, म्हणजे मग वाईट वाटायला नको. डबा जागेवर होता. उचलायला गेली तर जड. काठोकाठ भरलेला.

तिनं पाणी हापशात ओतलं आणि सीफसला दांडा मारायला सांगितलं. पाणी आलं. तिनं ओंजळ धरून एक घोट घेतला आणि थुंकला. खारट, समुद्राचं. डब्याच्या तळाशी बोटभर वाळू होती आणि शेवाळाचा एक दोरा.

"घ्या," सीफस म्हणाला. "एवढी शिकलेली पोरं, आणि हापशात खारं पाणी. आता वायसर कुजणार."

अर्लीथा वाटेकडं बघत होती. टेकड्यांमधून वर येणाऱ्या अनवाणी पायांच्या खुणांशेजारी, थोड्या थोड्या अंतरावर, डबा टेकवल्याचे गोल उठले होते. मधे मधे पाणी हिंदकळून वाळू ओली झाली होती. काय झालं ते तिला दिसल्यासारखं कळलं. डबा कुणीतरी पायांवरच ओतून बसलं असणार. मग दांडा मारून मारून हापशाला पाणी आलं नसणार, आणि म्हातारी खुर्चीत झोपलेली.

"वायसर नवा मिळतो," ती म्हणाली. "परत खाली गेली होती रे ती चप्पलवाली पोरगी. अनवाणी. दिवसभर चालून दमल्यावर, रिकामा डबा घेऊन."

सीफस दांडा मारत राहिला. पाणी खारट आलं, मग मचूळ, मग गोडं. तिनं डबा विसळला, भरला आणि हापशाखाली ठेवला. साखळी उद्या लावायची का, असं त्यानं विचारलं तेव्हा ती झाडू आणायला निघाली होती.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "परत येतील."