आमेन तुटलं

आमच्या घरात वेणीच्या रबराला 'आमेन' म्हणतात. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबते.

मी इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करते, सकाळी सातला हजर. नवरा पाव भाजायला त्याच्याही आधी बाहेर पडतो. गुडघे टेकून बसायला सवड कुणाला? म्हणून लेक तीन वर्षांची असल्यापासून मी तिच्या वेणीतच प्रार्थना घातली. पहिला पेड बापाचा, दुसरा पुत्राचा, तिसरा पवित्र आत्म्याचा. मग एकेका वळणाला एकेक माणूस: बाबांचा हात भट्टीपासून सांभाळ, शेजारच्या काकूंचा गुडघा बरा कर, गणिताच्या बाईंना थोडी दया दे. शेवटी आमेन, आणि रबर. तिला वाटलं, आमेन हे रबराचंच नाव. एकदा शाळेत रडत म्हणाली, "बाई, माझं आमेन तुटलं." बाईंनी घाबरून मला बोलावून घेतलं. मी इतकी हसले की त्यांना माझीही काळजी वाटायला लागली.

चौदाव्या वर्षी लेक पोहण्याच्या संघात आली आणि एका संध्याकाळी केस कानापर्यंत कापूनच घरी उगवली.

"विचारायचं तरी," मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

खरं होतं, म्हणून माझा पारा आणखी चढला. नवरा म्हणाला, "केस कापलेत, जीभ नाही." जेवताना मी दोघांशीही बोलले नाही.

राग केसांचा नव्हताच. मला भीती वाटत होती. एवढ्या मोठ्या मुलीला 'ये, प्रार्थना करू' म्हटलं तर ती दार लावून घेते. वेणीसाठी मात्र मुकाट्यानं येऊन बसायची. आता तिला कशानं बसवू?

सकाळी सवयीनं स्टूल मांडलं, फणी घेतली आणि स्वतःवरच चिडले. लेकीनं फणी हातातून काढून घेतली.

"बस."

"अगं, मला सातला..."

"माहितीय. बस."

माझे केस असे ओढले की डोळ्यांत पाणी आलं.

"हळू गं."

"हलू नकोस," ती म्हणाली. माझंच वाक्य.

बाप, पुत्र, पवित्र आत्मा. बाबांचा हात. काकूंचा गुडघा, आता दुसरा. मग शर्यतीआधी भीतीनं उलटी करणारी एक मुलगी, जिच्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. आणि मग, "आईचा उजवा खांदा बरा कर. चादरी उचलून दुखतो आणि ती सांगत नाही."

खांद्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"वेणी घालताना मधेच हात खाली सोडायचीस. तू कधी स्वतःचं नाव घ्यायची नाहीस, म्हणून ते मी मनात घ्यायचे. रोज." तिनं माझ्यापुढे तळहात धरला. "आमेन दे."

मी दिलं.

कामावर शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "वेणी वाकडी झालीय, सोडून नीट घालू?"

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "माझ्या लेकीनं घातलीय." सगळी यंत्रं चालू होती, तरी शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं.