भागीबाईंचा फोटो

ज्ञानेश सर नाशिकच्या एका कॉलेजात माध्यमांचा अभ्यास शिकवायचे. 'प्रतिमांकन', म्हणजे माध्यमं माणसांना कसं दाखवतात, हा धडा आला की नऊ वर्षं ते एकच फोटो पडद्यावर लावत. कोरड्या नदीच्या पात्रात हंडा टेकवून रडणारी एक बाई आणि खाली ओळ, 'घोटभर पाण्यासाठी'.

"या बाईला नाव नाही," ते सांगत. "छापणाऱ्यांनी तिच्यातलं माणूस काढून घेतलं आणि नुसती तहान ठेवली."

यंदा तास संपल्यावर पेठकडची सविता बाकावरून उठलीच नाही. वर्ग रिकामा झाल्यावर म्हणाली, "सर, ती माझी मावशी आहे. भागीबाई."

सर पडद्यावरच्या फोटोकडे वळले. ज्या चुकीसाठी ते इतकी वर्षं दुसऱ्यांना बोल लावत आले, ती त्यांच्याही हातून होत होती. या बाईचं नाव शोधावं असं एकदाही मनात आलं नव्हतं.

रविवारी ते सविताबरोबर पेठच्या एसटीत बसले. भागीबाई ओट्यावर नाचणी पाखडत होत्या. सविताने मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. सूप खाली ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"पाण्यासाठीच गेले व्हते," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा सोमा द्राक्षाच्या बागेवर कामाला गेला, तिथं त्याला साप चावला. घरी आणलं ते त्याचं मढंच. त्याला आंघोळ घालायची व्हती. दुसऱ्या कुणाला पाण्याला जाऊ दिलं नाय मी."

"फोटो काढणाऱ्यानं काही विचारलं नाही?" सर म्हणाले.

"नाय. गाडीतून उतरला, काढला, गेला."

सरांच्या मनात नवा तास आकार घेऊ लागला होता. त्याची त्यांना लाज वाटली, तरी त्यांनी विचारलंच, "मावशी, ही खरी हकिकत मी मुलांना सांगितली तर चालेल?"

"किती पोरं असतात?"

"साठेक."

"दर साली?"

"हो."

भागीबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं. "नको मास्तर. माझं रडणं साऱ्यांनी पाहिलं आन् मलाच ठावं नाय. आता पुरं."

त्यांनी दोघांना जेवू घातलं.  घरी आल्यावर सरांनी लॅपटॉपवरचा फोटो पुसून टाकला, जुन्या टिपणांतली त्यावरची दोन पानंही फाडली.

पुढच्या वर्षी तोच धडा आला. पडदा कोराच होता. मागच्या बाकावरून राज नावाच्या मुलाने विचारलं, "सर, एखादं उदाहरण?"

 "एक होतं," सर म्हणाले. "पण ज्यांचं ते होतं, त्यांनी मला नाही म्हटलं. आज आपण त्या 'नाही'बद्दल बोलू."