भारद्वाज दिसल्याशिवाय

शशिकांत म्हात्रे भाईंदर पश्चिमेच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि विज्ञाननिष्ठ होता. दोन्ही पदं त्याच्याकडे बिनविरोध आली होती. दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं.

असा हा माणूस माघातल्या एका गार सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "ये रे बाबा. एकदा दिसून जा."

तो भारद्वाजाला विनवत होता. कावळ्याहून थोडा मोठा, विटकरी पंखांचा, लाल डोळ्यांचा हा पक्षी उडण्यापेक्षा चालणं पसंत करतो, तेही रिटायर्ड हेडमास्तरांच्या चालीने. शशिकांतच्या बायकोच्या, समिधाच्या, माहेरी, मोरव्यात, त्याला कुकुडकोंबा म्हणतात, आणि तो दिसल्याशिवाय त्या घरातलं कुणी महत्त्वाच्या कामाला उंबरा ओलांडत नाही. समिधाचं लग्न ठरलं तेव्हा तो दिसला होता. फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हाही दिसला होता. मुलाच्या, निकेतच्या, बारावीच्या पेपराला दिसला नव्हता, आणि निकेतचं काय झालं ते सोसायटीत सगळ्यांना पाठ होतं.

आता समिधाच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशनची एक तारीख हुकलीही होती. पिशवी भरलेली, रिक्षा खाली उभी, आणि ही खिडकीतून हलेना. "न्हाय ना दिसला? मंग बस जागेवर," असं मोरव्याहून तिच्या आईने, जिजाबाईंनी, फोनवर शिक्कामोर्तब केलं. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "म्हात्रे, गाठ काही कुणाच्या दर्शनासाठी थांबत नाही हो." शशिकांतला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

आज दुसरी तारीख होती.

समिधा खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. गाठीचं कळल्यापासून तिची सकाळ तिथेच जायची. पेरूवर बुलबुलांची जोडी आली होती. टाकीच्या पाइपावर दयाळ शेपटी वर करून शीळ घालत होता. जास्वंदीवर शिंजीर उलटा लटकून मध पीत होता, आणि साळुंक्यांचं कशावरून तरी फाटलं होतं. वरातीला सगळा गाव लोटावा आणि नवऱ्याचाच पत्ता नसावा, तशी गत.

तो का नव्हता, हे शशिकांतला पक्कं ठाऊक होतं. कुंपणाच्या कोपऱ्यात घाणेरी, अडुळसा आणि कुणीही न लावलेल्या वेलींचं दाट रान होतं. भारद्वाजाचा मुक्काम तिथे. डिसेंबरात सेक्रेटरीने 'उद्यान सुशोभीकरण' काढलं आणि ते रान मुळासकट उपटलं. जागेवर हिरवंगार प्लास्टिकचं गवत अंथरलं. त्यावर चेअरमन धर्मेशभाईंनी फायबरचे दोन हंस बसवले. सगळं उरकल्यावर पाटी लागली, 'पक्ष्यांना त्रास देऊ नये.' मजकूर शशिकांतचा.

"तो कुठे जाईल आता?" समिधाने तेव्हा विचारलं होतं.

"तो कोण?" शशिकांत म्हणाला होता.

पुढे तिने विषय काढला नाही. आजही काढत नव्हती. नुसती बघत होती.

"निघायला हवं गं," तो म्हणाला. "साडी बदलून घे."

"बदलते. दिसू दे."

"आणि नाही दिसला तर?"

"तर नाही."

"अगं, शिकलेली बाई ना तू?"

"आहे की. पण पोट माझं कापणारेत."

विज्ञानाने पायात चपला सरकवल्या. "दूध आणतो," म्हणून तो खाली उतरला. जिन्यातच त्याने मोबाइलवर भारद्वाजाचा आवाज शोधला. मग इकडेतिकडे बघत तो हंसांच्या मागे गेला, प्लास्टिकच्या गवतावर गुडघे टेकले, आणि आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला.

हूप-हूप-हूप-हूप.

आवाज हुबेहूब होता. पेरूवरचे बुलबुल दचकून उडाले.

"अरे शशिकांतभाई!" फिरून आलेले धर्मेशभाई समोर उभे. "काय शोधतोय?"

"पक्षी."

"ते काय, समोर तर आहे!" धर्मेशभाईंनी हंसाच्या डोक्यावर प्रेमाने थाप मारली. "एक नाय, दोन-दोन आहे."

तेवढ्यात मोबाइलमधला भारद्वाज मध्येच गप्प झाला आणि एक बाई ठणकावून सांगू लागली, "प्रकृति की गोद में, टू बीएचके! बुकिंग चालू है!"

"कुठेशी?" धर्मेशभाईंनी विचारलं.

शशिकांतने वर पाहिलं. खिडकीत समिधा नव्हती.

तो दुधाशिवायच वर धावला. समिधा दारात उभी होती. साडी बदललेली, पिशवी हातात.

"दिसला," ती म्हणाली.

"कुठे?"

"हंसामागे. गुडघ्यांवर बसला होता." ती हसली नाही. "चला, रिक्षा बघा."

रिक्षा खाडीकडच्या रस्त्याला लागली. शशिकांतला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. ती निघाली होती ती त्याच्याकडे बघून. तिला स्वतःला धीर यावा असं काहीच दिसलं नव्हतं. पदराआड तिचा हात पोटावर होता, तो तिथून हलत नव्हता.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आपण प्रत्येक झुडपाच्या बुडाशी बघतोय.

"भैया, जरा धीरे."

"हॉस्पिटल जाना है ना, साब?" रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"हां, हां. लेकिन धीरे."

मिठागराच्या बांधाजवळ, सुक्या झुडपाखाली, विटकरी काहीतरी हललं. शशिकांत अर्धा बाहेर वाकला. रिक्षा जवळून गेली तेव्हा कळलं, काट्यांना अडकलेलं जुनं गोणपाट होतं. वाऱ्याने फडफडत होतं.

"काय हो?" समिधाने विचारलं.

"दिसला," शशिकांत म्हणाला. "शपथ. विटकरी पंख होते."

समिधाने त्याचा हात घट्ट धरला. मागे वळून मात्र तिने पाहिलं नाही.