भिंतीकडे तोंड करून

"बटण तुम्ही दाबलंत, अण्णा?"

मॅडमनी विचारलं, तेव्हा खोटं बोलायचं अण्णांच्या मनातही आलं नाही. पस्तीस वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून काढली, आणि निवृत्तीला दोन दिवस उरले असताना ही दुर्बुद्धी कुठून सुचली, देव जाणे.

प्रयोग त्यांना तोंडपाठ. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडायचा. समोर दोन फटी, पलीकडे पडदा. पडद्यावर एकेक ठिपका पडत जातो आणि तीन तासांनी त्या ठिपक्यांचे पट्टे झालेले दिसतात, जणू प्रत्येक जण दोन्ही फटींतून गेला. पण तो कुठल्या फटीतून गेला हे टिपणारं यंत्र चालू केलं, की पट्टे गायब. नुसता ढीग.

अण्णांना हे कधी पटलंच नाही. दारं दोन असली तरी माणूस एकाच दारातून आत येतो ना! शिकलेल्यांना यातली मेख ठाऊक असणार, आपल्याला कोण सांगतो, असं ते धरून चालले होते. वडिलांना एकालाच शिकवणं झेपणार होतं. थोरला शिकला, विज्ञानाचा मास्तर झाला. अण्णांची शाळा नववीत सुटली. थोरल्याला विचारता आलं असतं, पण त्याच्यापुढे तोंड उघडायचं म्हणजे हार पत्करायची. ते त्यांनी जन्मात केलं नाही.

आज त्यांच्या मनाने घेतलं, की पोरं गर्दी करून डोळे फाडफाडून बघतात म्हणून सगळं बिनसतं. आपण यंत्र लावावं आणि बघूच नये. आकडे कुठे पळून जातात? मागाहून सावकाश पाहू. म्हणून ते तीन तास भिंतीकडे तोंड करून बसले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. वळून पाहिलं तर एक पट्टा नाही. उद्या पाहुणे येणार, त्यासाठीची चाचणी मातीत गेली.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावायचंही त्राण नव्हतं त्यांच्यात. यंत्राने टिपलं की झालं, तुम्ही पाहा नाहीतर नका पाहू, एवढंच म्हणाल्या.

"ते कळलं. पण मग तो जातो तरी कुठून? दोन दिवस राहिलेत माझे. आता तरी सांगा."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या.

"मला गणित येतं, अण्णा. उत्तर दरवेळी बरोबर येतं. पण तो कुठून जातो, हे मलाही नाही कळत. कुणालाच नाही. वर्गात कुणी विचारलं की मी फळ्याकडे वळते."

बाई अडाण्याची समजूत काढतेय, असं अण्णांना वाटलं. त्यांनी मॅडमच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. समजूत नव्हती, थट्टाही नव्हती. खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण त्यांना थोरला आठवला. जे ज्ञान कुणाकडेच नव्हतं त्यापायी सख्ख्या भावाशी चाळीस वर्षं धड बोललो नाही. त्याला जाऊनही आता सहा वर्षं झाली होती.

"परत लावू?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. अण्णांनी टिपणारं यंत्र बंद करून प्रयोग पुन्हा सुरू केला. मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या. पडद्यावर पहिला ठिपका पडला, मग बऱ्याच अंतरावर दुसरा.

"थोरला भाऊ होता मला," अण्णा म्हणाले. "फार हुशार होता."

पस्तीस वर्षांत या खोलीत त्यांनी त्याचा विषय पहिल्यांदाच काढला होता.